त्वचेच्या कणातील जंताचा माग
अंधत्व आणू शकणाऱ्या ‘रिव्हर ब्लाइंडनेस’ या रोगास कारणीभूत असलेल्या ऑन्कोसर्का व्हॉल्व्ह्युलस या जंताचा शोध रक्तात नव्हे, तर त्वचेत घ्यावा लागतो, कारण त्याच्या सूक्ष्म अळ्या प्रामुख्याने तिथेच वावरतात. कंबरेच्या हाडावरील त्वचेचा जेमतेम २-३ मिलिग्रॅमचा तुकडा वरच्यावर कापून सलाइनमध्ये ठेवला, की काही तासांत अळ्या बाहेर पडून सूक्ष्मदर्शकाखाली वळवळताना दिसतात. तुकडा घेताना रक्त येऊ न देण्याची खबरदारी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. अन्यथा रक्तातील दुसऱ्याच जंताच्या अळ्या नमुन्यात मिसळून निदान चुकू शकते. मात्र अळ्या न दिसणे म्हणजे संसर्ग नसणे नव्हे: लागण झाल्यावर त्या त्वचेत दिसू लागण्यास वर्षभरही लागू शकते, आणि त्यांची संख्या अल्प असल्यास त्याच तुकड्यावरील पीसीआर (जंताचा डीएनए शोधणारी) चाचणी अधिक विश्वासार्ह ठरते.