वेदीपासून जेल रोडच्या घरांपर्यंत

फेब्रुवारीच्या दुसऱ्या शनिवारी आणि रविवारी नाशिक रोडला बाळ येशूची यात्रा भरते. वसई, मुंबई, पुणे, गोवा अशा ठिकठिकाणांहून आलेली माणसे नाशिक-पुणे रस्त्यावर उतरतात, सकाळपासून एकामागून एक मिस्सा, म्हणजे वेदीवरच्या उपासना, होत राहतात आणि रांगेत ख्रिस्ती नसलेले नाशिककरही पुष्कळ असतात. कुणी मूल व्हावे म्हणून आलेले असते, कुणी नोकरीसाठी, कुणी गेल्या वर्षीचा नवस फेडायला. १६२८ साली प्रागमध्ये पोलिक्सेना नावाच्या एका सरदार घराण्यातील विधवेने आपल्याजवळची बाळ येशूची मूर्ती कार्मेल संघाच्या मठाला दिली. तेथून जगभर पसरलेली ही भक्ती आमच्याकडे इतकी रुजली आहे की श्रीरामपूर भागातून नाशिकला येऊन स्थायिक झालेल्या आमच्यासारख्या कुटुंबांना ती हरेगावच्या मतमाउलीच्या, म्हणजे मरियामातेच्या, भक्तीइतकीच आपली वाटते.

यात्रा मला मनापासून प्रिय आहे. तरीही देवाशी संगत कशी जडते, असे कुणी विचारले तर मी त्याला यात्रेला न बोलावता यात्रेनंतरच्या साध्या मंगळवारी सकाळच्या मिस्सेला बोलावीन. मांडव उतरलेले असतात, रस्ता झाडलेला असतो आणि चर्चमध्ये नेहमीचीच मोजकी माणसे असतात: कामावर जाण्याआधी आलेली एखादी परिचारिका, प्रेसमधून निवृत्त झालेले काका, दोन-तीन धर्मभगिनी, नातवाला शाळेत सोडून आलेली आजी. गायन नसते आणि प्रवचन चार-पाच मिनिटांत आटोपते. येथे कुणी काही मागण्यासाठी खास प्रवास करून आलेले नसते. जो आपल्याला रोज बोलावतो त्याच्याकडे रोजच्यासारखे यायचे, एवढेच असते. देव भेटावा म्हणून मन एका उंचीवर नेऊन ठेवावे लागते, अशी माझी तरुणपणी समजूत होती. पुढे धर्मग्रामातच, म्हणजे आपल्या चर्चच्या स्थानिक समाजातच, हळूहळू कळत गेले की ती भेट आपण घडवायची नसते. ती वेदीवर आधीच मांडून ठेवलेली असते आणि आपण रिकाम्या हातांनी पुढे जायचे असते.

ख्रिस्तप्रसाद, म्हणजे मिस्सेत ख्रिस्ताचे शरीर म्हणून मिळणारी भाकर, वारंवार घेण्याची ही रीत आज इतकी स्वाभाविक वाटते की तिच्यामागचा इतिहास आपण विसरतो. अनेक शतके सामान्य भाविक वर्षातून फार थोड्या वेळा ख्रिस्तप्रसाद घेत. १२१५ साली लॅटरनच्या चौथ्या परिषदेला सांगावे लागले की निदान पास्काच्या, म्हणजे ईस्टरच्या, काळात, वर्षातून एकदा तरी तो घ्यावा. १९०५ साली पोप पायस दहावे यांनी स्पष्ट केले की जो कृपावस्थेत आहे, म्हणजे ज्याच्या मनावर गंभीर पापाचा भार नाही, आणि ज्याचा हेतू शुद्ध आहे त्याने वारंवार, अगदी रोजसुद्धा यावे, कारण हे आपल्या सद्गुणांचे बक्षीस नसून आपल्या दुर्बळतेवरचे औषध आहे. पाचच वर्षांनी त्यांनी समज आलेल्या, म्हणजे साधारण सात वर्षांच्या मुलांनाही प्रथम ख्रिस्तप्रसादाची वाट मोकळी केली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये लोकभाषेला उपासनेत जागा दिली आणि जी मिस्सा आमच्या आजी-आजोबांनी लॅटिन उत्तरे पाठ करून ऐकली होती, ती आमच्या पिढीने पहिल्या आठवणीपासून मराठीतच ऐकली. ही दारे एकेक करून उघडली गेली नसती तर मंगळवारच्या त्या बाकांवर आम्ही असे बसलो नसतो.

आता मला ज्याविषयी मुख्यतः लिहायचे आहे त्याकडे येतो. रविवारच्या मिस्सेनंतर आम्ही काही जण चर्चला येऊ न शकणाऱ्या आजारी आणि वृद्ध माणसांच्या घरी ख्रिस्तप्रसाद घेऊन जातो. धर्मगुरू एकटे सगळीकडे पोहोचू शकत नाहीत. पोप पॉल सहावे यांच्या काळात, १९७३ साली, धर्मगुरू नसलेल्या प्रापंचिकांनाही या सेवेसाठी नेमण्याची परवानगी मिळाली. पिक्स म्हणतात ती सोनेरी मुलाम्याची, झाकणाची छोटी गोल डबी गळ्यातल्या पिशवीत ठेवायची, छातीशी धरायची आणि वाटेत गप्पा न मारता, कुठेही न थांबता जायचे. जेल रोड, उपनगर, सिन्नर फाटा, देवळाली गाव ही रोजच्या रहदारीची ठिकाणे. पण त्या डबीसह सिग्नलला उभे राहिले की भोवतालच्या रिक्षा, भाजीच्या गाड्या आणि शाळेच्या बस यांच्या मध्ये आपण कुणाला घेऊन उभे आहोत, या जाणिवेने मन आपोआप नमते.

एका घराविषयी सांगतो. पत्र्याच्या छपराची दोन खोल्यांची जागा, आणि पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेल्या एक आजी. सुनेने खाटेशेजारी स्टूल ठेवून त्यावर इस्त्री केलेला पांढरा रुमाल अंथरलेला असतो. वर क्रूस, दोन मेणबत्त्या आणि पाण्याची वाटी. आरंभीची प्रार्थना होते, मग शुभवर्तमानातला छोटा उतारा, मग सगळे मिळून ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’. आजींचे शब्द आता अस्पष्ट येतात, पण प्रार्थनेची लय मुळीच चुकत नाही. त्यानंतर ती विनंती येते जी आपण प्रत्येक मिस्सेत करतो: प्रभो, तू माझ्या छपराखाली यावे एवढी माझी योग्यता नाही. कफर्णहूमच्या शताधिपतीने ती प्रथम केली, तेव्हा तो आपल्या आजारी चाकराविषयी बोलत होता. चर्चच्या उंच छताखाली मी ती वर्षानुवर्षे म्हणत आलो होतो. ती आजाऱ्याच्या खाटेजवळची प्रार्थना आहे, हे मला त्या तापलेल्या पत्र्याखाली उभे राहून उमगले.

आजींना नीट गिळता येत नाही. म्हणून ओस्तीचा, म्हणजे ख्रिस्तप्रसादाच्या पातळ भाकरीचा, नखाएवढा तुकडा मोडून जिभेवर ठेवायचा आणि चमच्याने पाणी द्यायचे. ट्रेंटच्या परिषदेने १५५१ साली शिकवले की प्रत्येक लहानशा अंशातही ख्रिस्त पूर्णपणे उपस्थित असतो. ही शिकवण मी धर्मशिक्षणाच्या वर्गात पाठ केली होती, पण तिचे मोल तो चमचा हातात धरल्यावर कळले. ज्या बाईला जगाने आता फक्त नखाएवढे जगायला ठेवले आहे, तिला देव मात्र उणा मिळत नाही. दहा हजारांच्या यात्रेत उभ्या असलेल्या धडधाकट माणसाला जेवढा मिळतो तेवढाच तिला मिळतो. ख्रिस्तप्रसाद घेतल्यावर आजी डोळे मिटतात आणि आम्ही सगळे काही वेळ गप्प बसतो.

ही काही नवी सेवा नाही. इ. स. १५५च्या सुमारास रोममध्ये संत जस्टिन यांनी रविवारच्या उपासनेचे जे वर्णन लिहून ठेवले, त्यात शास्त्रवाचन आहे, प्रवचन आहे, भाकर व द्राक्षारसावरची उपकारस्तुती आहे आणि त्यानंतर जे हजर राहू शकले नाहीत त्यांच्याकडे तो प्रसाद सेवकांच्या हाती पाठवला जातो, असे स्वच्छ लिहिले आहे. त्याच वर्णनात पुढे अनाथ, विधवा, आजारी, बंदिवान आणि परके यांच्यासाठी गोळा केलेल्या मदतीचाही उल्लेख येतो. वेदीवरून निघालेली वाट तेव्हाही आजाऱ्याच्या आणि गरजूच्या दारी जात होती. आमच्या धर्मग्रामात सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीचे सभासद महिन्याचा किराणा घेऊन ज्या घरांत जातात, त्यांतली काही घरे आमच्याही यादीत असतात. १८३३ साली पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम या विशीतल्या विद्यार्थ्याने मित्रांसह हे काम सुरू केले तेव्हापासून त्यांचा एक दंडक आहे: मदत पाठवायची नाही, स्वतः घरी जाऊन द्यायची. तांदूळ-डाळीची पिशवी आणि पिक्स एकाच आठवड्यात एकाच उंबरठ्यावर येतात, तेव्हा धर्मग्राम म्हणजे काय ते मला फार स्पष्ट दिसते.

देवाशी संगत ही खासगी गोष्ट आहे, घरी बसून प्रार्थना केली तरी पुरे, असे सुशिक्षित मंडळी हल्ली वारंवार म्हणतात. घरची प्रार्थना हवीच, तिच्याविना चर्चमध्ये येणे कोरडे होते. पण ज्याने पौषात निवृत्तीनाथांच्या यात्रेसाठी त्र्यंबककडे निघालेल्या दिंड्या पाहिल्या आहेत, त्या नाशिककराला भक्ती एकट्याने होत नाही हे मी वेगळे पटवून द्यायला नको. संत पौलाने करिंथकरांना लिहिले की भाकर एक आहे म्हणून आपण पुष्कळ असूनही एक शरीर आहोत. आणि त्याच पत्रात, श्रीमंत आधी जेवून घेतात व गरीब उपाशी राहतात म्हणून त्याने त्यांची कडक शब्दांत कानउघाडणी केली. प्रभूभोजनाला बसून शेजाऱ्याला वगळता येत नाही.

आमच्या लोकांना याचा अर्थ पुस्तकातून शिकावा लागला नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या गावांत जर्मन आणि पुढे स्विस जेझुइट धर्मगुरूंकडून ज्यांनी स्नानसंस्कार घेतला, त्यांतल्या बहुतेकांना गावच्या पाणवठ्यावर पाणी भरण्याची मुभा नव्हती. याच नाशिकमध्ये २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. ज्यांच्यासाठी देवाचे दार असे बंद होते, त्यांच्या तोंडात वेदीवरचा देव जेव्हा दिला गेला तेव्हा त्यांना काय वाटले असेल, याचा विचार आला की माझे मन भरून येते. भारतातली ख्रिस्तसभा जातीच्या पापापासून पूर्णपणे मुक्त राहिली, असे मात्र मी म्हणणार नाही. लग्ने जुळवताना ते पाप अजून डोके वर काढते. आमच्यात इंग्रजी मिस्सेची मंडळी आणि मराठी मिस्सेची मंडळी असेही दोन गट पडतात, वेळांवरून आणि गायकवृंदांवरून मने दुखावतात. अशा वेळी एकत्र बैठका घ्याव्यात हे खरे, पण मला त्याहून परिणामकारक वाटते ते एकमेकांच्या आजाऱ्यांकडे जाणे. ज्यांच्या आईला आपण ख्रिस्तप्रसाद नेऊन दिला आहे, त्यांच्याशी वेळापत्रकावरून फार दिवस भांडता येत नाही.

येशूने शेवटच्या भोजनाच्या रात्री शिष्यांना स्वतःविषयी सांगताना द्राक्षवेलीचे उदाहरण घेतले, आणि निफाड-दिंडोरीच्या परिसरात राहणाऱ्यांनी ते जवळून समजून घ्यावे असेच आहे. माल निघाल्यावर एप्रिलमध्ये खरड छाटणी होते आणि हिरवा मांडव उघडा-बोडका होतो. नवख्या माणसाला बाग मेली असे वाटावे. पण त्यानंतरच्या उन्हाळ्यात नव्या काड्या वाढतात आणि त्यांच्या डोळ्यांत पुढच्या हंगामाचा घड सूक्ष्म रूपात तयार होऊ लागतो. बाहेरून पाहणाऱ्याला काहीच दिसत नाही. घड दृष्टीस पडतो तो ऑक्टोबर छाटणीनंतर डोळे फुटतात तेव्हा. त्या सगळ्या महिन्यांत काडीचे काम एकच असते, खोडाला जोडलेली राहणे. माझ्यामध्ये राहा, असे प्रभू म्हणाला. फळ आणून दाखवा, मग या, असे तो म्हणाला नाही.

हे उदाहरण मला कोरड्या काळात सावरून धरते. तसे काळ येतात. जपमाळ ओठांवर राहते आणि मन दुसरीकडे जाते, मिस्सेत बसूनही काही जाणवत नाही, आणि ही सेवा करायला आपण पात्र आहोत का असा प्रश्न पडतो. अशा वेळी मी दोन गोष्टी करतो. पापनिवेदनाला, म्हणजे धर्मगुरूंपुढे पापे कबूल करायला, जातो, कारण छाटणी माळ्याच्या हातून व्हायची असते. काडीने स्वतःला छाटायचे नसते. आणि रविवारच्या यादीतले एकही घर वगळत नाही. मला देव जवळ वाटत नसला तरी तो त्या आजींकडे निघालेला असतो आणि त्याला नेण्याचे काम माझ्याकडे असते. कित्येकदा त्यांच्या खाटेजवळच, त्यांच्या मोडक्या शब्दांत प्रार्थना ऐकताना माझी अडलेली प्रार्थना पुन्हा सुरू झाली आहे.

राखेच्या बुधवारनंतर, ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात ही घरभेट अधिक घरांपर्यंत न्यावी असा आमचा प्रयत्न असतो, आणि अडचण येते ती नेहमी एकच: कोण आजारी आहे हे आम्हाला कळत नाही. लोक संकोच करतात, घर लहान आहे म्हणतात, फादरांना त्रास कशाला म्हणतात. कृपया तसे करू नका. आपल्या घरी, शेजारी किंवा इमारतीत चर्चला येऊ न शकणारे कुणी असेल, तर चर्चच्या कार्यालयात किंवा आपल्या विभागाच्या प्रमुखांकडे नाव द्या. पापनिवेदन किंवा रुग्णांचा अभ्यंगसंस्कार (आजाऱ्याला पवित्र तेल लावून केलेली प्रार्थना) हवा असेल तर तेही सांगा, म्हणजे धर्मगुरू स्वतः येतील. आजाऱ्याला आणि त्याची शुश्रूषा करणाऱ्यांना ख्रिस्तप्रसादापूर्वीच्या एका तासाच्या उपवासाचे बंधन नसते, तेव्हा वेळेवरचे औषध चुकवू नका. एक स्टूल, पांढरे कापड, मेणबत्ती आणि थोडे पाणी एवढी तयारी पुरेशी आहे. घरातल्या सर्वांनी त्या वेळी जवळ बसावे, मग कुणी कितीही वर्षांत चर्चला आलेले नसो. ती प्रार्थना सर्वांनी मिळूनच म्हणायची असते.