‘अँड’ दिसले की कंपाउंड?

गेल्या आठवड्यात दहावीतल्या भाचीची इंग्रजीच्या चाचणीची उत्तरपत्रिका पाहत होतो. वाक्याचा प्रकार ओळखण्याच्या प्रश्नात ‘रवी अँड मीना वेंट टू द मार्केट’ या वाक्यापुढे तिने ‘कंपाउंड’, म्हणजे संयुक्त वाक्य, असे लिहिले होते आणि त्यावर लाल फुली होती. ‘‘पण मामा, यात अँड आहे ना!’’ ही तिची तक्रार ऐकली आणि आम्हीही शाळेत हाच ठोकताळा पाठ करून हेच गुण घालवले होते, ते आठवले.

येथे ‘अँड’ने जोडले आहेत ते दोन कर्ते, वाक्ये जोडलेली नाहीत. क्रियापद ‘वेंट’ हे एकच आहे, म्हणून वाक्य सिम्पल, म्हणजे आपले केवल वाक्य. वाक्याची लांबी आणि त्यातील क्रियांची संख्या यांवरून काहीच ठरत नाही. ‘घरी येऊन, हातपाय धुऊन, जेवून तो झोपला’ या वाक्यात भाचीने चार क्रिया मोजल्या. पण येऊन, धुऊन, जेवून ही धातुसाधिते, म्हणजे धातूपासून बनलेली पण वाक्य पूर्ण न करणारी रूपे आहेत आणि क्रियापद फक्त ‘झोपला’ हे आहे, हे तिला मराठीच्या तासामुळे ठाऊक होते. इंग्रजीतले ‘हॅविंग फिनिश्ड हिज डिनर, ही वेंट टू बेड’ हे वाक्य याच न्यायाने केवल ठरते.

शब्द तोच राहून प्रकार बदलतो, हेही तिला दाखवले. ‘ही लेफ्ट बिफोर सनराइज’ हे सिम्पल आहे, कारण ‘बिफोर’पुढे नुसते नाम आहे, मात्र ‘ही लेफ्ट बिफोर द सन रोज’ म्हटले की ‘सन’ हा कर्ता आणि ‘रोज’ हे क्रियापद असलेले, पण मुख्य वाक्यावर अवलंबून असणारे गौण वाक्य तयार होते आणि वाक्य कॉम्प्लेक्स, म्हणजे मिश्र होते. ‘बिकॉज ऑफ’ आणि ‘बिकॉज’ यांतही हाच फरक आहे. कधी जोडणारा शब्द गाळलेलाही असतो: ‘आय नो ही इज इल’ यात ‘दॅट’ दिसत नाही, तरी वाक्य मिश्रच. (कॉम्प्लेक्स म्हणजे अवघड, हा समज मात्र मुलांच्या डोक्यातून लवकर जात नाही.)

मराठी मुलांची खरी अडचण होते ती ‘फॉर’ आणि ‘बिकॉज’ यांच्यापाशी. ‘ही वॉज टायर्ड, फॉर ही हॅड वॉक्ड ऑल डे’ हे कंपाउंड, आणि ‘फॉर’च्या जागी ‘बिकॉज’ घातले की कॉम्प्लेक्स! मराठीत दोन्हीकडे ‘कारण’च येते, त्यामुळे अर्थावरून निवाडा करायला गेलेला विद्यार्थी हमखास फसतो. अशा वेळी जोडणाऱ्या शब्दासह तो भाग उचलून वाक्याच्या सुरुवातीला ठेवून पाहावा. ‘बिकॉज ही हॅड वॉक्ड ऑल डे, ही वॉज टायर्ड’ हे बिनतक्रार चालते. ‘फॉर’ने सुरू केलेले तसले वाक्य चालत नाही. ‘दो’चा (though, जरी) भाग असा सुरुवातीला नेता येतो, ‘बट’चा नेता येत नाही, म्हणून अर्थ जवळपास तोच असूनही ‘दो’चे वाक्य मिश्र आणि ‘बट’चे संयुक्त. प्रत्येक गौण वाक्य असे हलवता येते असे नाही. ‘सो वीक दॅट ही कॅनॉट वॉक’ यातला ‘दॅट’चा भाग जागचा हलत नाही आणि तरीही ते वाक्य मिश्र आहे. ‘टू वीक टू वॉक’ केले की तेच पुन्हा सिम्पल होते, आणि परीक्षेतल्या ‘डू अ‍ॅज डायरेक्टेड’ (सूचनेप्रमाणे वाक्य बदला) या प्रश्नात ही अदलाबदल नेहमीची आहे.

शेवटी भाचीने ‘ही केम होम अँड वेंट टू बेड’ हे वाक्य पुढे केले आणि माझी पंचाईत झाली. क्रियापदे दोन आहेत, पण कर्ता एकदाच आलेला आहे. जुन्या वळणाची शालेय व्याकरणे दुसरा ‘ही’ अध्याहृत धरून त्याला कंपाउंड म्हणतात, तर इतर अनेक ठिकाणी ते एकाच कर्त्याची दोन क्रियापदे असलेले सिम्पल वाक्य मानले जाते. मला दुसरे मत अधिक पटते; पण परीक्षेत वर्गात शिकवले असेल तेच लिही, असे मी तिला सांगितले.