मिसेस बेनेटचा हिशोब

बारा वर्षं झाली बीएच्या पोरांना जेन ऑस्टिनचं ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ शिकवतोय आणि मिसेस बेनेट आली की वर्ग हसणार हे ठरलेलंच. ती म्हणते माझ्या नर्व्ह्जची कुणाला कीव नाही, नवरा म्हणतो तुझ्या नर्व्ह्ज तर माझ्या जुन्या मैत्रिणी, वीस वर्षं त्यांचंच ऐकतोय. मी पण जरा अ‍ॅक्टिंग करून वाचतो. मग नोट्स: उथळ बाई, पाच पोरींची लग्नं हाच ध्यास. संपलं.

त्या दिवशी मागच्या बाकावरची एक मुलगी हसलीच नाही. विचारलं तर म्हणाली, "सर, बाप गेल्यावर या सहाजणी खाणार काय?"

मी एन्टेल, म्हणजे इस्टेट पुरुष वारसाकडेच जाण्याची अट, समजवायला लागलो, मुलगा नाही म्हणून इस्टेट नात्यातल्या कॉलिन्सकडे जाणार वगैरे. म्हणाली, ते कळलं, आकडा सांगा. आता आकडे कादंबरीत आहेत हो सगळे, मीच कधी मांडले नव्हते. फळ्यावर लिहिलं. इस्टेटीचं उत्पन्न वर्षाला २००० पौंड. लग्नाच्या करारात बायको आणि मुलींसाठी ठेवलेले ५०००, चार टक्क्यांनी त्याचे २००. म्हणजे घर तर जाणारच, वर २००० चे २०० होणार, तेही सहाजणींत. एकेका मुलीच्या वाट्याला मुद्दलातले १०००, आणि तेसुद्धा आई गेल्यावर, हे कॉलिन्स त्यांच्यातल्या एलिझाबेथला मागणी घालतानाच तोंडावर ऐकवतो, तो सीन मी आजवर नुसती कॉमेडी म्हणून शिकवला.

मग पन्नासावं प्रकरण काढलं. मुलगा होणारच, तो सज्ञान झाला की एन्टेल मोडू, मग बचत कशाला, असं बेनेटसाहेबांनी धरलेलं. मुलगा काही झाला नाही आणि दमडी बाजूला पडली नाही. आणि आम्ही हसत होतो ते याच माणसाच्या टोमण्यांवर!

एक पोरगा म्हणाला, पण सर, पहिल्या प्रकरणाच्या शेवटी लेखिकाच तिला कमी अकलेची म्हणते ना. म्हणते, खरंय. आणि बाई आहेच तशी, धाकटी लिडिया पळून गेली म्हणून अंथरूण धरलेलं, लग्न ठरल्याची बातमी आली की लगेच कपड्यांच्या गप्पा. पण कमी अकलेच्या बाईला वाटणारी भीती खोटी थोडीच असते.

तास संपल्यावर ती मुलगी दारात थांबली. "सर, पेपरात आलं तर काय लिहू?"

म्हटलं, उथळ लिही, आणि खाली हिशोब मांड.

"त्याचे मार्क मिळतील?"

आता ते मी काय सांगणार, पेपर तपासणारे दुसरेच असतात.