जकात सोन्याने मोजायची की चांदीने?

जकात म्हटलं की आपल्या मराठी डोक्यात आधी नाका येतो, ट्रकची रांग, पावती वगैरे. शब्द तोच, पण मुसलमानांची जकात वेगळी. चांद्र वर्षभर ठराविक मर्यादेच्या वर पैसा पडून राहिला तर त्याचा चाळिसावा हिस्सा, म्हणजे 2.5 टक्के, गरिबाला. मनात आलं तर दिलं असं नाही, फर्जच आहे.

सोपं वाटतं ना? खरी गंमत त्या मर्यादेत आहे, तिला निसाब म्हणतात. 7.5 तोळे सोनं किंवा 52.5 तोळे चांदी (तोळा जुना बरं का, 11.66 ग्रॅमचा, दहाचा नव्हे). पैगंबरांच्या काळी हे 20 दिनार (सोन्याची नाणी) आणि 200 दिरहम (चांदीची), दोन्हीची किंमत साधारण सारखीच. आता सोनं कुठच्या कुठे गेलंय आणि चांदी त्या मानाने खालीच राहिली, त्यामुळे सोन्याच्या मापाने जो गरीब तो चांदीच्या मापाने सरळ श्रीमंत ठरतो!

हनफी (सुन्नींच्या चार कायदेपंथांपैकी एक) उलेमा, म्हणजे धर्मपंडित, रोख पैशाला बहुतेक चांदीचंच माप लावतात, का तर देणारे वाढतात आणि गरिबांचा फायदा होतो. पाकिस्तानातही तेच माप. तिथे 1980 च्या कायद्याने बँका 1 रमजानला सेव्हिंग खात्यातून परस्पर जकात कापतात, म्हणून लोक आदल्या दिवशी पैसे काढून घ्यायला रांगा लावतात. जकात चुकवायचीये असंच नाही, बऱ्याच जणांना ती सरकारकडे न देता आपल्या हाताने, ओळखीतल्या गरजूला द्यायची असते. मला तरी हे पटतं. शियांनी तर तेव्हाच इस्लामाबादेत मोठं आंदोलन करून यातून सूट मिळवली.

पण चांदीच्या मापाची दुसरी बाजू कुणी फारशी बोलत नाही. एखाद्या विधवेकडे फक्त दोन तोळ्यांच्या बांगड्या आहेत, तर जकात नाही कारण साडेसात तोळे भरत नाहीत. त्याच बाईने खर्च भागवून थोडी रोकड बाजूला ठेवली की हनफी हिशोबात सोनं आणि रोकड एकत्र धरतात, बेरीज चांदीच्या निसाबवर जाते आणि वर्ष भरलं की ती जकात देणारी होते. वर आता जकात घ्यायलाही अपात्र! (शाफई या दुसऱ्या सुन्नी पंथाकडे अंगावरच्या नेहमीच्या दागिन्यांना जकातच नाही, तिथे ती सुटली असती.) द्यायची कशातून विचारलं तर उत्तर येतं, थोडी थोडी करून द्या नाहीतर बांगडी विका.