श्रावणातला ताणा आणि आईचा उजवा डोळा

मंडळी, श्रावणात मागावर चढवलेला ताणा (कापडाचे उभे धागे) उतरला. चार शाफ्टच्या (धागे वर उचलणाऱ्या चौकटींच्या) टेबललूमवर, म्हणजे टेबलावरच्या छोट्या हातमागावर, 2/2 ट्विलचे (तिरक्या रेषांच्या विणीचे) तीन टॉवेल झाले. आधी आकडे देते, कारण दुसऱ्यांच्या नोंदी वाचताना मीही आधी तेच शोधते.

सूत सोलापूरहून मागवलेलं, 2/10 सुती. नव्याने विणायला लागलेल्यांसाठी सांगते: एका पौंडात 840 यार्डांच्या जितक्या लडी बसतात, तो सुताचा नंबर. 10 नंबरचे दोन धागे एकत्र पिळले की पौंडाला 4200 यार्ड भरतात, म्हणजे किलोला साधारण साडेआठ किलोमीटर. फणी (धागे सारख्या अंतरावर ठेवणारी आणि वीण ठोकणारी) इंचाला 12 घरांची, प्रत्येक घरात दोन धागे, म्हणून इंचाला 24. रुंदी 16 इंच, एकूण 384 धागे, लांबी चार मीटर. एवढ्या ताण्याला 180 ग्रॅमच्या आसपास सूत गेलं. साध्या विणीसाठी हेच सूत मी इंचाला 20 ठेवते. ट्विलमध्ये धागे एकमेकांना कमी वेळा ओलांडतात, त्यामुळे दाटी वाढवली नाही तर कापड ढिसाळ होतं.

ताणा कोरा पांढरा, दोन्ही काठांना नेव्ही ब्लू पट्टा, आणि बाणाही (आडवा धागा) नेव्ही ब्लू. या निळ्यावर पुढे येतेच.

हा ताणा मागावर असतानाच आईच्या उजव्या डोळ्याची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली. हल्ली हे ऑपरेशन सर्रास होतं, दुपारपर्यंत घरी सोडतात, हे सगळं मला माहीत होतं. पण आईला डायबेटिस आहे. साखर आटोक्यात आल्याशिवाय तारीख मिळेना, आणि तारीख मिळाल्यावर माझी झोप उडाली. त्या दिवसांत एक गोष्ट मी मनाशी पक्की ठरवली आणि ती पाळली: मन थाऱ्यावर नसेल तेव्हा हेडलमधून (शाफ्टवरच्या डोळा असलेल्या तारांमधून) धागे ओवायला बसायचं नाही. ओवणी हे मोजणीचं काम आहे. 1-2-3-4, पुन्हा 1-2-3-4, असं 96 वेळा. एक धागा इकडचा तिकडे झाला की तिरक्या रेषेत तो शेवटपर्यंत दिसत राहतो. म्हणून ओवणी पहाटे, दूध यायच्या आधी. चार-चार धाग्यांचे दोन गट झाले की बोटाने तपासायचे, सैल गाठ मारायची, मगच पुढे जायचं.

काळजीच्या वेळेला कामं वेगळी. कांड्या भरणं (बाण्याचं सूत छोट्या नळ्यांवर गुंडाळणं), लडी सोडवणं, टॉवेलच्या टोकांना पीळ घालणं. रात्री अकरा वाजता, डोक्यात साखरेचे आकडे फिरत असताना, मी कांड्या भरत बसायचे. कांडी भरायला मन लागत नाही, हात लागतात. घरात माग असलेल्या प्रत्येकाने आपली कामं अशी वेगळी काढून ठेवावीत, असं मला फार मनापासून वाटतं. नुसतं ‘वेळ मिळाला की विणते’ म्हटलं, तर वेळ नेमका चुकीच्या कामाला मिळतो.

आणि विणताना वाचन. म्हणजे वाचणार दुसरं कोणीतरी. आमच्याकडे ही आईची जागा. मी धोटा (बाणा आरपार नेणारं साधन) टाकते, ती शेजारी आरामखुर्चीत मोठ्याने वाचते. गेल्या वर्षापासून तिला अक्षरं धूसर व्हायला लागली, तेव्हा पुस्तक माझ्या लेकीच्या हातात गेलं. लेक लक्ष्मी रोडवरून येताना पुणे नगर वाचन मंदिरातून पुस्तकं बदलून आणते. 1848 सालचं ग्रंथालय. आई त्याचं नाव आपल्या माहेराबद्दल बोलावं तशा सुरात घेते. ट्विल ऐकत ऐकत विणता येतं, कारण शाफ्ट उचलणाऱ्या लिव्हरचा क्रम चारच पायऱ्यांचा: 1-2, 2-3, 3-4, 4-1. पण परिच्छेद संपेपर्यंत ओळ अर्धी सोडायची नाही, आणि उठताना कोणती जोडी वर आहे ते खडूने मागाच्या चौकटीवर लिहायचं.

शस्त्रक्रियेनंतर मात्र माग गॅलरीत हलवला. फणी आपटली की सुताची पिंज उडते, आणि डोळ्यात थेंब घालायच्या दिवसांत ती मला आईच्या आसपास नको होती. गॅलरीतली दमट हवा सुताला मानवली. सुती धागा ओलाव्याने मजबूत होतो; पुण्याच्या कोरड्या एप्रिलमध्ये काठाचे धागे तटातट तुटतात, तसं या वेळी झालं नाही. खड्डामागावर (खड्ड्यात पाय सोडून विणायच्या मागावर) जमिनीलगत ताणा ठेवायचे त्याचा एक फायदा हाच. ओलाव्याचा त्रास फणीला. पोलादी फणीला गंज चढला तर त्याचे डाग पांढऱ्या ताण्यावर येतात. रोज काम संपलं की कोरड्या फडक्याने दोन्ही बाजूंनी पुसून घेत होते. गुरुवारी वीज नसली तरी गॅलरीत उजेड भरपूर, त्यामुळे तो वारही कामी आला.

काठाबद्दल एक. या ट्विलमध्ये कडेचा धागा काही फेऱ्यांना बाण्यात अडकतच नाही, लोंबत राहतो. दोन्ही कडांना एकेक जादा धागा फणीतून काढायचा, पण हेडलमधून नाही. धोटा जाताना त्याच्या वरून, बाहेर पडताना खालून. काठ सरळ येतो. बाणाही तिरका टाकून मगच फणी ओढावी, म्हणजे कापड आत आवळत नाही.

आता तो निळा. सूत आलं तेव्हा आई म्हणाली होती, "अगं, टॉवेलला काळं कशाला?" मी सुताचा कोन खिडकीपाशी नेऊन दाखवला, तरी तिला काळाच दिसला. शस्त्रक्रियेनंतर काही दिवसांनी ती गॅलरीच्या दारात उभी राहिली, मागाकडे बघितलं आणि विचारलं, "सूत कधी बदललंस?" मग एकेक डोळा झाकून पाहणं सुरू झालं. उजव्याने पाहिलं की ताणा पांढरा, बाणा निळा. डाव्याने पाहिलं की तोच ताणा चहा सांडल्यासारखा, आणि बाणा काळा. वयाबरोबर डोळ्यातलं भिंग पिवळट, तपकिरी होत जातं आणि निळा प्रकाश अडवतं. ते काढून नवं स्वच्छ भिंग बसवलं की निळा परत येतो. हे मी वाचलेलं होतं. पण माझ्याच मागासमोर उभं राहून आई एकामागून एक कोन हातात घेऊन रंगांची नावं सांगत होती, तेव्हा मला तिथेच बसावं लागलं. इतकी वर्षं रंग निवडताना मी तिचं मत विचारत आले, आणि ती देत आली.

तिसरा टॉवेल मी, ती पुन्हा वाचायला लागल्यावर, विणला. थोडंच वाचते, अर्धं पान, मग लेक पुढे नेते. गरम पाण्यात पहिली धुलाई झाल्यावर रुंदी साडेचौदा इंच राहिली. पोत मऊ आहे, पाणी चांगलं टिपतो.

पुढचा ताणा आईच्या मागणीचा: 2/20 सूत, याच फणीच्या एका घरात तीन धागे, इंचाला 36, आणि काळे-निळे पट्टे शेजारी शेजारी. डावा डोळा दिवाळीनंतर करायचा आहे. तोवर पट्टे कुठे बदलतात ते उजव्या डोळ्याने बघून ती मला सांगणार आहे.