माझा अनुभव: जावा 21 मधे एका अंडरस्कोरसाठी फ्लॅग कुठे कुठे द्यावा लागतो

डोकं अजून पुरतं शांत झालेलं नाहीये, तेवढ्यात लिहून टाकते. विषय जावाच्या प्रिव्ह्यू फीचर्सचा. म्हणजे असं नवं सिंटॅक्स (कोड लिहायची पद्धत) जे कंपायलरमधे तयार असतं पण बंद ठेवलेलं असतं, आपण स्वतःहून --एनेबल-प्रिव्ह्यू हा फ्लॅग, म्हणजे कमांडला जोडायचा पर्याय, दिला (टाइप करताना अर्थातच इंग्रजीत) तरच चालू होतं. 2019 मधे जावा 12 आलं तेव्हापासून भाषेच्या सिंटॅक्ससाठी ही पद्धत आहे, पहिला नंबर स्विच एक्स्प्रेशनचा लागला होता.

मला हवा होता फक्त अंडरस्कोर. रेकॉर्डमधे (नुसता डेटा ठेवणारा जावाचा छोटा क्लास) ढीगभर फील्ड्स, स्विचमधे पॅटर्न लिहिताना त्यातलं एकच लागतंय, तरी बाकीच्यांना काहीतरी नाव द्यायचं आणि मग व्हेरिएबल वापरलंच नाही म्हणून वॉर्निंग खायची. जावा 21 मधे त्या जागी नुसता अंडरस्कोर चालतो, कॅच ब्लॉकमधल्या एक्सेप्शनला पण चालतो, पण प्रिव्ह्यू म्हणून. 22 मधे तो कायमचा भाषेत आला. मग 22 घ्या ना, असं म्हणाल, पण 21 एलटीएस (दीर्घकाळ सपोर्ट मिळणारं व्हर्जन) आहे आणि आमच्याकडे एलटीएस सोडून हलायचं नाही असं ठरलेलं आहे, त्या वादात मी पडले नाही.

कंपाइल करायला काही त्रास नाही. फ्लॅग दिला नाही तर कंपायलरच सांगतो की हे प्रिव्ह्यू फीचर आहे, बंद आहे, चालू करायला अमुक फ्लॅग द्या. टर्मिनलवरून करताना नुसता फ्लॅग पुरत नाही, सोबत --रिलीज 21 पण लागतं. मेव्हनमधे (आमचं बिल्ड करणारं टूल) कंपायलर प्लगइनच्या कंपायलर-आर्ग्जमधे टाकला की झालं. एडिटरमधे लँग्वेज लेव्हल 21 प्रिव्ह्यू केली, त्याने रन करताना स्वतःच फ्लॅग लावला, टेस्ट हिरव्या, मी खूश, पुश केलं.

आणि बिल्ड सर्व्हरवर टेस्ट लाल.

त्यातही सगळ्या नाही, काहीच. हे जास्त छळतं, कारण सगळ्या पडल्या असत्या तर सेटिंगचा घोळ आहे हे लगेच कळलं असतं, काहीच पडल्या की माणूस आपल्या लॉजिकमधे चूक शोधत बसतो. खरा प्रकार असा की कंपायलर प्रिव्ह्यू सिंटॅक्स वापरणाऱ्या क्लास फाइलवर (कंपाइल झाल्यावर तयार होणारी फाइल) एक शिक्का मारतो. क्लास फाइलला मेजर आणि मायनर असे दोन व्हर्जन नंबर असतात, जावा 21 चा मेजर 65, आणि मायनर एरवी 0 असतो तो प्रिव्ह्यूच्या फाइलमधे 65535 होतो. जेव्हीएम (जावाचा कोड प्रत्यक्ष चालवणारा प्रोग्राम) ती फाइल लोड करायला गेली आणि तिला फ्लॅग दिलेला नसेल तर ती सरळ नकार देते, अनसपोर्टेड-क्लास-व्हर्जन-एरर. क्लास लागेल तेव्हाच लोड होत असल्यामुळे ज्या टेस्ट त्या क्लासला हात लावतात तेवढ्याच पडतात. एररमधे 65.65535 असा आकडा दिसला की समजायचं, बाकी काही शोधायला जाऊ नका. शंका असेल तर जावापी डॅश व्ही मारून फाइलचा मायनर व्हर्जन बघा, क्षणात कळतं.

पण मी कंपायलरला फ्लॅग दिला होता की! तर कंपायलरला दिलेला फ्लॅग टेस्टला लागू होत नाही. मेव्हनमधे टेस्ट चालवणारं प्लगइन म्हणजे शुअरफायर, ते टेस्टसाठी वेगळी जेव्हीएम सुरू करतं आणि त्या जेव्हीएमला आपला फ्लॅग माहीतच नसतो. तिला आर्ग-लाइन नावाच्या सेटिंगमधून द्यावा लागतो. ठीक, दिला, टेस्ट हिरव्या.

आता कव्हरेज (टेस्टमधे किती कोड चालला त्याची टक्केवारी) शून्य. आमच्या बिल्डमधे कव्हरेज ठराविक टक्क्यांखाली गेलं तर मर्ज होत नाही, त्यामुळे परत अडकले. कव्हरेज मोजणारं जाकोको आपला एजंट टेस्टच्या जेव्हीएमला जोडतं, आणि जोडण्यासाठी वापरतं काय तर हीच आर्ग-लाइन प्रॉपर्टी! शुअरफायरमधे मी आर्ग-लाइन सरळ लिहिल्यावर जाकोकोने भरलेली व्हॅल्यू बाजूला पडली, एजंट लागलाच नाही, आणि बिल्डने त्याबद्दल चकार शब्द काढला नाही, फक्त एक्झिक्युशन डेटाची फाइल नाही म्हणून रिपोर्ट गाळतोय अशी एक ओळ लॉगच्या गर्दीत होती. यावर उपाय म्हणजे आपल्या फ्लॅगच्या आधी ॲट चिन्ह आणि महिरपी कंसात आर्ग-लाइन असं लिहायचं, डॉलर नाही, ॲटच. डॉलर लिहिलंत तर मेव्हन ती व्हॅल्यू फार लवकर वाचून मोकळं होतं, जाकोकोने भरायच्या आधीच. ॲट असलं की शुअरफायर ती ऐनवेळी वाचतं.

संपलं वाटलं ना, मलाही वाटलं होतं. एका प्रोफाइलमधे (बिल्डच्या सेटिंगचा वेगळा संच) जाकोको बंद असतं (रात्रीचा मोठा बिल्ड, वेळ वाचावा म्हणून), तिथे आर्ग-लाइन कोणी भरतच नाही, मग ती ॲट-कंसवाली अक्षरं जशीच्या तशी जेव्हीएमकडे जातात. आणि जावा 9 पासून ॲटने सुरू होणारा शब्द म्हणजे ‘या नावाच्या फाइलमधून आर्ग्युमेंट वाच’ असा अर्थ होतो, तर जेव्हीएम कंसासकट त्या नावाची फाइल उघडायला जाते, मिळत नाही, सुरू होण्याआधीच बंद. वर शुअरफायर सांगतं की फोर्क केलेली, म्हणजे वेगळी सुरू केलेली व्हीएम नीट निरोप न घेता गेली. हो, खरंच गुडबाय असा शब्द आहे त्या मेसेजमधे, रात्री वाचायला फार गोड वाटतो! फाइल उघडता आली नाही ही कामाची ओळ वेगळीच कुठेतरी असते. यावरचा उपाय एका ओळीचा, पॉमच्या (मेव्हनची सेटिंग फाइल) प्रॉपर्टीजमधे आर्ग-लाइन नावाची रिकामी प्रॉपर्टी ठेवून द्या. जाकोको असलं तर त्यात भर घालतं, नसलं तर रिकामी राहते.

इंटिग्रेशन टेस्ट फेलसेफवर (त्या टेस्ट चालवणारं मेव्हनचं दुसरं प्लगइन) असतील तर त्याचं कॉन्फिगरेशन वेगळं असतं, तिथे हे सगळं परत लिहायचं.

टेस्टनंतर प्रत्यक्ष ॲप. माझी समजूत अशी की जार फाइलच्या (तयार ॲपचं पॅकेज) मॅनिफेस्टमधे, म्हणजे तिच्या माहितीच्या फाइलमधे, काहीतरी लिहून हे भागेल, पण नाही, तशी सोय नाहीये, आणि विचार केला तर ते मुद्दाम आहे, प्रिव्ह्यू कोड चालवतोय हे चालवणाऱ्याला माहीत असावं म्हणून. पटतं, तरी वैताग येतोच. स्टार्ट स्क्रिप्ट बदलता येत नसेल तर जेडीके-जावा-ऑप्शन्स या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधे फ्लॅग ठेवा, जावा कमांड ते स्वतः वाचते. जावा-टूल-ऑप्शन्स पण चालतं पण ते व्हेरिएबल जिला जिला दिसतं त्या प्रत्येक जेव्हीएमला चिकटतं. दोन्ही व्हेरिएबल दर वेळी तशी ओळ छापतात, ज्या स्क्रिप्ट एरर आउटपुट वाचतात त्या गोंधळतात. आणि ॲप सुरू झालं म्हणजे फ्लॅग पोचला असं समजू नका, वर सांगितलं तसं क्लास लोड होईल तेव्हाच कळणार. मी आता स्टार्टअपलाच त्यातला एक क्लास मुद्दाम लोड करून ठेवते.

दुसऱ्या टीमला लायब्ररी म्हणून जार देत असाल तर हे सिंटॅक्स त्यात नकोच. तुमच्या जारमुळे त्यांना पण फ्लॅग लावावा लागेल, आणि तोही फक्त 21 वर, कारण 21 च्या प्रिव्ह्यूने बनवलेली फाइल 22 ची जेव्हीएम फ्लॅग देऊनही चालवत नाही. कंपायलरचंही तेच, जेडीके (जावाचं कंपायलरसकट पूर्ण किट) 22 ला --रिलीज 21 आणि प्रिव्ह्यू एकदम सांगितलं की तो नाही म्हणतो. जेडीके बदललात की रिलीजचा आकडा पण त्याच कमिटमधे बदला.

कुठलं फीचर घेताय तेही बघा. अंडरस्कोर जवळपास नक्की होतं म्हणून मी हिंमत केली. स्ट्रिंग टेम्पलेट्स (स्ट्रिंगमधेच व्हॅल्यू बसवायची सोय) पण 21 आणि 22 मधे प्रिव्ह्यू म्हणून होती आणि 23 मधे चक्क काढून टाकली, ज्यांनी ती कोडभर वापरली त्यांना सगळं परत लिहावं लागलं असणार.

हां, आणि हे आधी सांगायला हवं होतं, सिंटॅक्स आवडतंय का एवढंच बघायचं असेल तर जेशेलला (जावाच्या ओळी लगेच चालवून बघायचं टूल) हाच फ्लॅग देऊन उघडा आणि खेळा, पॉमला हात लावायची गरज नाही.