ट्राउट सोडा, पायाशी बघा

पेनसिल्व्हेनियात मुलांना गरवायला नेणाऱ्या आईबापांची एक तक्रार ठरलेली असते. फ्लोट (दोरीला बांधलेलं तरंगतं बोंड) सारखा हलतो, गांडूळ संपतं, पण गळाला काही लागत नाही. मग निष्कर्ष निघतो की ओढ्यात मासेच नाहीत, सरकारने सोडलेले ट्राउट लोकांनी एप्रिलमध्येच उचलले. गांडूळ संपतं म्हणजे ते कुणीतरी खातंय. खाणारा बोटाएवढा आहे आणि तुमचा गळ त्याच्या तोंडात मावत नाही.

फिलाडेल्फियाच्या पश्चिमेला, चेस्टर काउंटीतल्या ब्रँडीवाइन किंवा पिकरिंगसारख्या ओढ्यांत घोटाभर पाण्यातही हे मासे असतात. नाकापासून डोळ्यातून शेपटीपर्यंत काळी रेघ ओढलेला, दोन-तीन इंचांचा असेल तर तो ब्लॅकनोज डेस. पाठीच्या पराच्या मुळाशी पुढच्या बाजूला काळा ठिपका आणि तोंड मोठं असेल तर क्रीक चब. खालच्या जबड्याचे तीन भाग पडलेले दिसले तर कटलिप्स मिनो. आणि तळाच्या वाळूवर बसून राहणारा, मध्येच सुर्रकन हातभर पळून पुन्हा बसणारा, अंगावर इंग्रजी एक्स आणि डब्ल्यूसारख्या खुणा असलेला तो टेसेलेटेड डार्टर. आपल्याकडे ओढ्यात दगडाखाली मुऱ्या धरलेल्या माणसाला याची चाल लगेच ओळखू येईल, जरी दोघांचं कुळ वेगळं असलं तरी. डार्टरला इतर माशांसारखी हवेची पिशवी नसते. त्यामुळे तो पाण्यात तरंगत राहू शकत नाही, तळाला बसतो. फ्लोटखाली अधांतरी लटकणारं गांडूळ त्याच्या कामाचंच नाही.

आता सामान. दुकानात मुलांसाठी कार्टूनच्या चित्राची काठी मिळते, तिच्यासोबत येणारा गळ साधारण ६ किंवा ८ नंबरचा असतो. गळाचा नंबर जितका मोठा तितका गळ लहान, हे माहीत नसल्यामुळे पुष्कळ जण ‘लहान’ म्हणून २ नंबरचा गळ उचलतात. या माशांसाठी २४ किंवा २६ नंबरचा, माशी बांधायला वापरतात तो गळ घ्या. बोटाएवढ्या माशांसाठीचे जपानी तानागो गळ त्याहून बारीक असतात आणि ऑनलाइन मिळतात. गळाचा उलटा काटा पक्कडीने दाबून टाका. मग मासा सोडवणं एका चिमटीचं काम होतं, आणि गळ मुलाच्या बोटात गेला तरी सरळ बाहेर येतो. दोरी दोन पौंडी, म्हणजे दोन पौंडांचा ताण सोसणारी, पुरे. रीळ नको. सात-आठ फुटांची दुमडती काठी घ्या आणि दोरी काठीच्या लांबीइतकीच ठेवा, म्हणजे ती झाडात अडकत नाही.

फ्लोट काढून टाका. सर्वांत बारीक शिशाचा मणी गळाच्या वर चार बोटं अंतरावर दाबून लावा. गांडुळाचा तुकडा दोन-तीन मिलिमीटरचा हवा, फक्त गळाचं टोक झाकण्यापुरता. इथे मोठी माणसंसुद्धा चुकतात. तुकडा लोंबता ठेवला की मासा लोंबतं टोक धरून ओढतो, गळाला तोंडही लावत नाही आणि आमिष घेऊन जातो.

उभं कुठे राहायचं? मासे प्रवाहाकडे तोंड करून असतात, म्हणून खालच्या बाजूने वर चालत जा आणि सावली पाण्यावर पडू देऊ नका. पाण्यावरची चमक कापणारे पोलराइज्ड चष्मे मुलांनाही द्या, त्याशिवाय डार्टर दिसणार नाही. दिसला की आमिष थेट त्याच्या नाकासमोर तळाला टेकवा आणि थांबा. त्याने उचललं की मनगट हलकं वर. मुलं जोरात हिसका देतात आणि एवढासा मासा उडून मागच्या झुडपात जातो. त्या झुडपात पॉयझन आयव्ही, म्हणजे अंगाला लागली की पुरळ उठवणारी वेल, असू शकते आणि गवतात गोचिडी असतात. लाइम रोग त्यांच्यामुळेच होतो, म्हणून घरी आल्यावर गुडघ्यामागे आणि केसांत नीट बघायचं. गोचिडीसाठी मारलेला स्प्रे हाताला असेल तर माशाला हात लावण्याआधी हात धुवा. कोरडा हात लागला तरी माशाच्या अंगावरचा चिकट थर निघतो आणि त्याला बुरशी धरते.

बादली नको. उन्हात बादलीतलं पाणी काही मिनिटांत तापतं आणि त्यातला प्राणवायू कमी होतो. त्याऐवजी तळहाताएवढी पारदर्शक चौकोनी डबी ओढ्याच्या पाण्याने भरा, मासा त्यात ठेवा, मुलांना बाजूने बघू द्या, फोटो काढा आणि जिथे धरला तिथेच सोडा. दुसऱ्या ओढ्यात मुळीच नाही. एप्रिल ते जून दगड उलटायचे नाहीत. डार्टरची मादी दगडाच्या खालच्या अंगाला अंडी चिकटवते आणि नर त्यांची राखण करतो. क्रीक चबचा नर तोंडाने एकेक गोटा वाहून आणून घरटं करतो, म्हणून गोट्यांचे नीट रचलेले ढीग दिसले तर त्यावरून चालू नका. मुलं दगडांचे बांध घालतात, तेही याच काळात सर्वांत जास्त नडतात.

या देशाने अशा एका माशासाठी काय केलं, ते सांगायलाच हवं. टेनेसीत १९७३ साली डेव्हिड एटनियर या प्राणिशास्त्रज्ञाला लिटल टेनेसी नदीत तीन इंचांचा स्नेल डार्टर सापडला. त्याच नदीवर टेलिको धरण बांधलं जात होतं, निकालाच्या वेळेपर्यंत ते होत आलं होतं आणि दहा कोटी डॉलरच्या वर खर्च झाला होता. खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९७८ साली न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी माशाच्या बाजूने निकाल दिला. धोक्यातल्या जाती वाचवण्याचा कायदा लिहिलाय तसा पाळायचा, खर्च कितीही झालेला असो. पुढे १९७९ मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, खास सूट देऊन धरण पूर्ण करवलं, हेही खरं. पण मासे आधीच दुसऱ्या नद्यांत नेऊन सोडले होते, ते तगले आणि २०२२ साली त्यांचं नाव धोक्यातल्या जातींच्या यादीतून निघालं. २०२५ मध्ये संशोधकांनी दाखवलं की ती वेगळी जात नव्हतीच, स्टारगेझिंग डार्टरचीच एक वस्ती होती. मला तरी त्यामुळे त्या निकालाची किंमत कमी झालेली वाटत नाही.

आपल्याकडे असा खटला झाला नाही म्हणून मान खाली घालायचं कारण नाही. महाडजवळ काळ नदीवर वाळणकोंड आहे. वरदायिनीच्या त्या डोहातल्या महसीरांना कुणी हात लावत नाही, त्यासाठी कुठलंही न्यायालय लागलं नाही. मात्र डोहाबाहेरच्या माशाला तो मान मिळत नाही. पहिल्या पावसात वलगणीला चढणारे मासे अंड्यांनी भरलेले असतात आणि तेव्हाच आपण त्यांना धरतो. त्यात चव आहे, पिढ्यांची रीत आहे, ते सगळं मला समजतं. इथे आपली मुलं मासा सहज सोडून देतात, कारण जेवण त्यावर अवलंबून नाही. म्हणून कोकणातल्या माणसाला शिकवायला जाऊ नये.

कधी गळाला पेन्सिलीएवढी ईल, म्हणजे सापासारखा लांबट मासा, लागते. ती अटलांटिकमधल्या सारगासो समुद्रात जन्मून इथवर पोचलेली असते. डेलावेअर नदीच्या मुख्य प्रवाहावर एकही धरण नाही, म्हणून त्या नदीत तरी तिची वाट मोकळी आहे. ती काठीभोवती वेटोळे घालते, घाबरू नका. ओल्या फडक्यात धरा, गळ खोल गेला असेल तर ओढू नका, दोरी तोंडाशी कापून सोडा.

नियमांचं बोलायचं तर १६ वर्षांखालच्या मुलांना परवाना लागत नाही, मोठ्यांना लागतो. मूल स्वतः गरवत असेल तर परवाना नसलेला मोठा माणूस गांडूळ लावणं, गुंता सोडवणं, मासा काढणं एवढं करू शकतो. स्वतःची काठी टाकली की परवाना हवाच. ट्राउट सोडलेल्या बहुतेक ओढ्यांवर फेब्रुवारीच्या उत्तरार्धापासून एप्रिलच्या पहिल्या शनिवारी सकाळी ८ पर्यंत कुठलीच मासेमारी चालत नाही, डार्टरचीही नाही. आणि उन्हाळ्यात नातवंडांकडे आलेल्या आजोबांना, ज्यांना हे सगळं आपल्यापेक्षा चांगलं येतं, काठावर नुसतं बसवून ठेवणं फार खटकतं. त्यांच्यासाठी एक तर पर्यटकांचा थोड्या दिवसांचा परवाना काढा, नाही तर मेमोरियल डेच्या (मेमधला शेवटचा सोमवार) आदला रविवार किंवा ४ जुलै धरा. त्या दोन दिवशी परवाना कुणालाच लागत नाही.